लहान होडीसाठी फायबरची हलकी बर्फपेटी

कोकणच्या किनाऱ्यावर पहाटे निघून दुपारपर्यंत परतणाऱ्या लहान होड्यांची संख्या मोठी आहे. ट्रॉलर किंवा पर्ससीन नौकांमध्ये मासळीसाठी बर्फाचे स्वतंत्र खण असतात. लहान होडीत मात्र मासळी तळाच्या फळ्यांवर, टोपलीत किंवा प्लास्टिकच्या क्रेटमध्ये पडून राहते व फार तर तिच्यावर ओले गोणपाट टाकले जाते. पहाटे जाळ्यात आलेला बांगडा अकराच्या सुमारास बंदरावरील लिलावात मांडला जातो तेव्हा त्याचे कल्ले काळवंडलेले व पोट मऊ झालेले असते. त्याच आकाराचा, परंतु बर्फात ठेवलेला बांगडा शेजारीच अधिक भावाने विकला जातो. समुद्र तोच, जाळे तेच आणि श्रमही तेच. फरक पडतो तो पकड आणि लिलाव यांमधल्या पाच-सहा तासांत.

मासळी बिघडण्याचा वेग उष्णतेबरोबर झपाट्याने वाढतो. मत्स्यतंत्रज्ञांच्या एका रूढ ठोकताळ्यानुसार शून्य अंश सेल्सिअसला जो वेग असतो त्याच्या चौपट वेग १० अंशांना व नऊपट वेग २० अंशांना होतो. उन्हात उभ्या असलेल्या होडीच्या तळाशी तर तापमान ३० अंशांच्या पुढे जाते. बांगडा, तारली व कुपा या जातींच्या बाबतीत आणखी एक धोका संभवतो. ही मासळी उष्णतेत राहिल्यास तिच्यात हिस्टामीन नावाचे द्रव्य तयार होते. ते खाणाऱ्यास बाधते आणि मासळी शिजविल्यानेही नाहीसे होत नाही. ‘ताजी मासळी’ हा शब्द बाजारात फार सैलपणे वापरला जातो. बर्फाशिवाय सहा तास राहिलेल्या बांगड्यास तो लावणे योग्य नव्हे.

लहान होडीत बर्फ का नेला जात नाही, असे विचारले असता मच्छीमारांकडून बहुधा दोन उत्तरे मिळतात. एक, बर्फ परतीच्या आतच वितळून जातो. दुसरे, पेटी इतकी जड असते की होडी आधीच बसते व इंधन जास्त जळते. ही दोन्ही गाऱ्हाणी खरी आहेत, कारण आज वापरात असलेल्या पेट्या बहुतांशी लाकडी फळ्यांच्या, पातळ प्लास्टिकच्या किंवा मोडीत निघालेल्या फ्रिजच्या सांगाड्यांपासून केलेल्या असतात. फ्रिजचा पत्रा खाऱ्या पाण्याने वर्षभरात गंजतो व त्यामागील उष्णतारोधक थरात पाणी शिरते. दोन्ही गाऱ्हाण्यांवर उपाय आहे. काचतंतू व रेझीन यांच्या दोन पातळ कवचांमध्ये पफचा जाड थर घालून केलेली पेटी हलकी असते व बर्फही टिकविते. ही पेटी गावातील कारागिरास, किंबहुना थोडी शिस्त पाळणाऱ्या मच्छीमारासही, वाडीतच तयार करता येते.

बर्फ कोठे खर्च होतो?

पेटी बांधण्यापूर्वी बर्फाचा हिशेब समजून घेणे अगत्याचे आहे. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. शंभर किलो मासळी ३० अंशांवरून शून्य अंशावर आणावयाची तर त्यासाठी ३० ते ३२ किलो बर्फ लागतो. हा खर्च टाळता येत नाही व टाळूही नये, कारण मासळी थंड होते ती याच बर्फामुळे. टाळावयाचा तो दुसरा खर्च, म्हणजे पेटीच्या भिंतींतून आत शिरणाऱ्या उष्णतेपायी होणारा.

उदाहरणादाखल आतून ९० सेंटीमीटर लांब, ६० सेंटीमीटर रुंद व ५० सेंटीमीटर खोल अशी पेटी घेऊ. तिच्यात २७० लिटर जागा होते, आणि तीत सुमारे १०० किलो मासळी व तितकाच फोडलेला बर्फ मावतो. ही पेटी दोन सेंटीमीटर जाडीच्या साध्या फळ्यांची असेल आणि बाहेरची हवा ३० अंश असेल, तर केवळ भिंतींतून येणाऱ्या उष्णतेने दिवसाला ८० ते ९० किलो बर्फ वितळू शकतो. त्याच मापाच्या पेटीस सर्व बाजूंनी साडेसात सेंटीमीटर जाडीचा पफ असेल तर हिशेबाने हे प्रमाण ८ ते ९ किलोंवर येते. झाकणाची फट, उन्हाचा मारा व वारंवार होणारी उघडझाप धरून ते दुप्पट मानले, तरी फळ्यांच्या पेटीशी त्याची तुलना होत नाही.

उष्ण प्रदेशात एक किलो मासळीस एक किलो बर्फ हे प्रमाण सुरक्षित मानले जाते व प्रथम तेच पाळावे. परंतु पेटी चांगली ठरल्यास एका दिवसाच्या फेरीसाठी शंभर किलो मासळीमागे साठ-सत्तर किलो बर्फही पुरण्यासारखा आहे. म्हणजे तीस-चाळीस किलो बर्फाचे ओझे कमी झाले. पुढे दिल्याप्रमाणे बांधलेल्या पेटीचे स्वतःचे वजन जवळजवळ तेवढेच भरते.

माप ठरविताना

मोठी पेटी घेण्याचा मोह बहुतेकांस होतो व तो आवरला पाहिजे. वरील पेटी मासळी व बर्फ यांनी पूर्ण भरली म्हणजे तिचे वजन २३५ किलोंच्या आसपास जाते. हे साडेतीन मोठ्या माणसांचे ओझे झाले. जाळी, इंधन व नेहमीची माणसे घेऊन निघालेल्या होडीत आणखी चार माणसे चढविली असता होडीचा काठ पाण्याच्या किती वर राहतो, हे प्रत्यक्ष पाहावे. माणसे चढवून केलेली ही परीक्षा कागदावरील कोणत्याही हिशेबापेक्षा अधिक विश्वसनीय आहे, आणि ती बंदरातील संथ पाण्यात करावी. काठ फार खाली जात असेल तर ६० × ४५ × ४० सेंटीमीटर मापाची लहान पेटी घ्यावी. तिच्यात चाळीस किलो मासळी बर्फासह राहते. मात्र पेटी लहान झाली की तिच्या आतील जागेच्या मानाने भिंतींचे क्षेत्रफळ वाढते. जागा अडीचपटीने कमी होते, पण भिंती निम्म्याच्या आसपास राहतात. त्यामुळे लहान पेटीत पफची जाडी कमी करून जागा वाचविण्याचा विचार मुळीच करू नये.

साहित्य

मोठ्या मापाच्या एका पेटीस प्रत्येक चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाची, मॅट या नावाने मिळणारी काचतंतूंची चटई सुमारे सात किलो लागते. तिला भिजविण्यास अडीचपट वजनाचे, म्हणजे साडेसतरा किलो पॉलिएस्टर रेझीन लागते. सांडलवंड धरून वीस किलो घ्यावे. खाऱ्या पाण्यात टिकण्याच्या दृष्टीने आयसोफ्थॅलिक जातीचे रेझीन इष्ट होय. साध्या रेझिनपेक्षा त्याची किंमत अधिक असली तरी निदान आतील थरासाठी तरी तेच वापरावे. याशिवाय दोन-अडीच किलो जेलकोट, हार्डनर, साच्यासाठी मेण पॉलिश, हत्यारे धुण्यास ॲसिटोन, ब्रश व हवेचे बुडबुडे दाबून काढण्याचा लोखंडी रोलर इतके साहित्य पुरते. रेझीन उन्हात ठेवल्यास डब्यातच घट्ट होऊ लागते व सावलीतही काही महिन्यांपलीकडे चांगले राहत नाही. यास्तव चार-पाच होडीवाल्यांनी सहकारी संस्थेमार्फत एकदम खरेदी करून एकाच पंधरवड्यात काम उरकणे फायद्याचे ठरते. साचाही सर्वांस एकच चालतो.

उष्णतारोधक थर निवडताना होणारी चूक मात्र सविस्तर सांगितली पाहिजे, कारण तीपायी सर्व पैसा वाया जातो. थर्मोकोल स्वस्त असतो, कोठेही मिळतो व दिसण्यात पफसारखाच वाटतो. परंतु पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन नावाचा द्रव असतो व तो थर्मोकोलला विरघळवितो. रेझीन लावताच थर्मोकोल खचू लागतो आणि कवचाच्या मागे पोकळी राहते. वरून पेटी धडधाकट दिसते, पण तिच्या भिंतीत रोधक थरच उरलेला नसतो. आणलेला माल पफच आहे याविषयी दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नये. त्याचा बोटभर तुकडा कापून त्यावर हार्डनर न घातलेले थोडे रेझीन लावावे व अर्धा तास पाहावे. तुकडा जसाच्या तसा राहिला तर माल योग्य. खड्डा पडला तर परत करावा. थर्मोकोल वापरणे भागच असेल तर पॉलिएस्टरऐवजी एपॉक्सी रेझीन घ्यावे लागते. ते थर्मोकोलला खात नाही, पण त्याची किंमत पाहता बचत होत नाही.

पफ प्रत्येक घनमीटरला ३५ ते ४० किलो वजनाचा, बंद छिद्रांचा असावा. तक्ते साडेसात सेंटीमीटरचे एकच न घेता चार व साडेतीन सेंटीमीटरचे दोन थर घ्यावेत, म्हणजे एका थराचे सांधे दुसऱ्या थराने झाकले जातात. पफ आरीच्या पात्याने कापावा. तापलेल्या तारेने किंवा ज्योतीने कापू नये, कारण पफ पेट घेतो व त्याचा धूर विषारी असतो.

कामाचा हंगाम

होडी किनाऱ्यावर ओढलेली असते ती जून-जुलैच्या मासेमारीबंदीत, आणि साहजिकच अशी कामे त्या दोन महिन्यांत करण्याची रीत पडली आहे. फायबरच्या कामास हाच काळ सर्वांत वाईट. हवेतील ओल चटईत शिरली की रेझीन काचतंतूंना नीट धरत नाही. थर पांढुरके राहतात व पुढे सुटतात. पेटी होडीबाहेर, जमिनीवर तयार होत असल्याने होडी रिकामी असण्याची गरजच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, सकाळचे दव उडाल्यावर, चारही बाजूंनी मोकळ्या परंतु छप्पर असलेल्या जागेत काम करावे. थेट उन्हात रेझीन हाताळण्याच्या आतच आवळते. चटई कामाच्या क्षणापर्यंत प्लास्टिकमध्ये गुंडाळून कोरडी ठेवावी.

साचा व थर

पेटीचा साचा पालथा करावयाचा असतो. पेटीच्या आतील मापाचा, सनमायका लावलेल्या प्लायवूडचा खोका तयार करून तो तितक्याच गुळगुळीत पाटावर पालथा बसवावा. पाट खोक्याच्या चारही बाजूंनी बारा-पंधरा सेंटीमीटर बाहेर राहिला पाहिजे. खोक्याचा तळ तोंडापेक्षा दोन सेंटीमीटरने लहान ठेवावा. भिंती अशा किंचित निमुळत्या नसतील तर तयार पेटी साच्यावरून निघत नाही व साचा फोडावा लागतो. बाहेरचे सर्व कोपरे व कडा गोल कराव्यात, आणि जेथे खोका पाटास मिळतो तेथे लांबी भरून गोलाई द्यावी. काटकोनी कोपऱ्यात चटई बसत नाही, आणि पेटीच्या कोपऱ्यात रक्त व खवले अडकून राहतात ते वेगळेच. नव्या साच्यावर मेण पॉलिशचे पाच-सहा हात द्यावेत व प्रत्येक हात वाळल्यावर फडक्याने घासावा. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु येथील आळस साचा निघताना महागात पडतो.

प्रथम जेलकोटचे दोन हात द्यावेत. प्रत्येक चौरस मीटरला सुमारे अर्धा किलो जेलकोट बसला पाहिजे. तो पातळ राहिल्यास वर रेझीन पडताच त्याला सुरकुत्या पडतात. बोट लावले असता चिकट लागतो पण बोटास रंग येत नाही, अशा अवस्थेला जेलकोट आला की चटईचा पहिला थर घालावा. चटईचे तुकडे आधीच मापाने कापून क्रमाने मांडून ठेवावेत आणि प्रत्येक सांध्यावर पाच सेंटीमीटर चढ ठेवावा. आधी रेझीन लावून त्यावर चटई बसवावी, ब्रशने टिपत भिजवावी व नंतर रोलरने बुडबुडे बाहेर काढावेत. भिजलेली चटई पारदर्शक दिसते. पांढरा ठिपका दिसला तर तेथे हवा आहे असे समजावे. रेझीन ओतून पांढरेपणा झाकण्याची सवय नवशिक्यास लागते. त्यायोगे पेटी मजबूत न होता केवळ जड व ठिसूळ होते. बळ काचतंतूंत असते, रेझीन त्यांना धरून ठेवते एवढेच.

भिंतींस दोन थर व तळास तीन थर पुरतात. हे थर खोक्यावरून खाली आणून पाटावर बाहेरच्या बाजूस दहा-अकरा सेंटीमीटर पसरावेत. पेटी उलटल्यावर हीच पट्टी तिचा काठ होते. शेवटचा थर ओला असतानाच पफचे तक्ते, त्यांच्या खालच्या बाजूस रेझीन लावून, त्यावर दाबून बसवावेत. तळावर वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात व बाजूंस जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून बांधाव्यात. दुसरा थर सांधे चुकवून बसवावा. राहिलेल्या फटींत पफचेच तुकडे व रेझिनची लांबी भरावी. मग कडा घासून गोल कराव्यात.

यावर बाहेरील कवचाचे दोन थर द्यावयाचे. ते पफवरून खाली उतरून पाटावर पसरलेल्या काठास जाऊन मिळाले पाहिजेत. सर्व बांधणीत हा सांधा महत्त्वाचा आहे. आतील व बाहेरील कवच येथे एकजीव झाले म्हणजे पफ सर्व बाजूंनी बंद होतो व पाण्यास कोठूनही वाट राहत नाही. काठ उघडा ठेवून त्यावर लाकडी पट्टी खिळ्यांनी ठोकलेल्या पेट्या पाहावयास मिळतात. अशी पेटी एका मोसमात पाणी पिऊ लागते. मोठ्या पेटीच्या भिंतींत जवळजवळ २४० लिटर पफ असतो. त्याच्या चौथ्या हिश्शात जरी पाणी भरले, तरी ६० किलो वजन वाढते, आणि ओल्या पफमधून उष्णता सहज शिरते. हलकेपणा व थंडी दोन्ही एकाच वेळी जातात.

दुसऱ्या दिवशी साचा काढून काठ कापून सारखा करावा. बाहेरचा पृष्ठभाग घासून त्यावर मेण मिसळलेल्या जेलकोटचा पांढरा हात द्यावा. मेण नसेल तर हवेच्या संपर्कात हा थर बरेच दिवस चिकट राहतो. रंग पांढराच निवडावा, गडद रंग उन्हात तापतो. बेताने काम केल्यास कवचांचे वजन २५ किलो, पफचे ९ ते १० किलो, अशी झाकणासह पेटी ३५ किलोंच्या आसपास भरते. १२ मिलिमीटर प्लायवूडच्या दोन भिंती केल्या असत्या तर नुसत्या प्लायवूडचेच वजन ४५ किलोंच्या पुढे गेले असते.

काम करणाराची काळजी

हार्डनर हे घातक द्रव्य आहे. त्याचा थेंब डोळ्यात गेल्यास दृष्टी जाऊ शकते. तसे घडल्यास क्षणाचाही विलंब न लावता स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटे डोळा धुवावा व नंतर डॉक्टरांकडे न्यावे. चष्मा व हातमोजे यांशिवाय कोणीही काम करू नये, व घासकाम करताना नाकातोंडास धुळीची मुसकी बांधावी. रेझिनला लागणारा कोबाल्ट आधीच मिसळलेला आहे असे रेझीन मागून घ्यावे. कोबाल्ट व हार्डनर ही दोन द्रव्ये एकमेकांत सरळ कधीही मिसळू नयेत. त्यांचा स्फोट होतो. शंभर भाग रेझिनला एक ते दोन भाग हार्डनर हे सर्वसाधारण प्रमाण आहे. ते उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे ठरवावे व मापनळीने मोजावे, अदमासाने ओतू नये. एका वेळी एक किलोपेक्षा जास्त रेझीन कालवू नये. भांड्यात उरलेले रेझीन तापून धूर सोडू लागते, ते उघड्यावर वाळूत ठेवावे. जवळपास विडी, चूल किंवा वेल्डिंग असता कामा नये.

झाकण, निचरा व जागा

थंड हवा जड असल्याने ती पेटीत खाली राहते; म्हणून पेटीचे तोंड वरच असावे. झाकण पफ घालून त्याच रीतीने करावे व काठास रबरी पट्टी चिकटवावी. दोन अर्ध्या झाकणांची सोय अधिक चांगली, कारण मासळी टाकताना अर्धीच पेटी उघडावी लागते.

वितळलेले पाणी मासळीस धुऊन खाली येते व त्यात रक्त आणि मळ असतो. ते साचू देऊ नये. तळाच्या एका कोपऱ्यात निचऱ्याची नळी घालावी. ही नळी काचतंतूंचीच करावी: मेण लावलेल्या पाईपवर चटई गुंडाळून भिजवावी, आवळल्यावर पाईप ओढून घ्यावा. प्लास्टिकच्या पाईपला रेझीन नीट धरत नाही व त्याच्या कडेने पाणी पफमध्ये उतरते. नळीस बूच असावे. निचरा होडीच्या तळात न सोडता बादलीत घेऊन बाहेर टाकावा. तळावर जाळीदार फळी ठेवल्यास मासळी पाण्यात बसत नाही.

होडीत पेटी मध्यभागी, शक्य तितकी खाली ठेवावी. इंजिन व चालक यांचे वजन पिछाडीस आधीच असते. पेटीही तिकडे सरकविल्यास नाळ वर उचलली जाते व मागील काठ पाण्याजवळ येतो. पेटी फळ्यांच्या वर, बसण्याच्या उंचीवर ठेवणे सोयीचे वाटले तरी भरल्या पेटीने होडी आडव्या लाटेत कलंडण्याचा संभव वाढतो. ती होडीच्या आडव्या तुळयांस पट्ट्याने आवळून बांधावी. पेटीस स्क्रू किंवा खिळा मारू नये. प्रत्येक भोक म्हणजे पफमध्ये पाणी शिरण्याची वाट होय. पफमुळे पेटी तरंगते हे खरे, म्हणून तिला जीवरक्षक साधन समजून जॅकेट घरी ठेवणे मात्र धोक्याचे आहे.

चाचणी व वापर

तयार पेटी दोन आठवडे उघडी, वाऱ्यावर ठेवावी, नंतर गरम पाणी व साबण यांनी दोनदा धुवावी. रेझिनचा वास पूर्ण गेल्याशिवाय तिच्यात मासळी ठेवू नये. त्यानंतर गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील प्रयोग होडीवाल्यांसमोर करावा. आदल्या रात्री थोडा बर्फ टाकून पेटी थंड करावी. सकाळी ते पाणी काढून मोजून ३० किलो बर्फ भरावा, झाकण लावून पेटी सावलीत ठेवावी व चोवीस तासांनी पाणी काढून उरलेला बर्फ पुन्हा तोलावा. १८ किलो किंवा अधिक बर्फ शिल्लक असेल तर काम समाधानकारक झाले असे समजावे. त्याहून कमी असल्यास बहुधा दोष झाकणात असतो. काठावर कागदाची पट्टी ठेवून झाकण लावावे व ती ओढून पाहावी. जेथे ती सहज निघते तेथे फट आहे. हाच प्रयोग शेजारी एखाद्या जुन्या लाकडी पेटीवर केल्यास निराळे भाषण करण्याची गरज उरत नाही.

बर्फाची लादी तशीच न टाकता बारीक फोडावी. मोठे तुकडे मासळीस टोचतात व तिला सर्व बाजूंनी भिडत नाहीत. तळाशी बर्फ, मग मासळीचा एक पातळ थर, मग पुन्हा बर्फ अशा रीतीने भरून सर्वांत वर बर्फाचा जाड थर ठेवावा. मासळी जाळ्यातून निघताच पेटीत गेली पाहिजे. चार तास उन्हात पडलेली मासळी शेवटी बर्फात टाकल्याने बर्फ वाया जातो, मासळी सुधारत नाही. परतल्यावर पेटी रोज स्वच्छ पाण्याने धुवावी, झाकण उघडे ठेवून वाळवावी. बर्फ फोडण्याचे काम पेटीत मात्र कधीही करू नये, कारण टोच्याचा एक घाव जेलकोट व कवच भेदून पफपर्यंत पोचतो.

नव्या पेटीचे कोरडे वजन करून तो आकडा झाकणाच्या आतील बाजूस पक्क्या रंगाने लिहून ठेवावा व दरवर्षी बंदीच्या आरंभी ती पुन्हा तोलावी. वजन दोन किलोंहून अधिक वाढलेले आढळल्यास पफ पाणी पीत आहे हे निश्चित. अशा वेळी पेटी सर्व बाजूंनी बोटाने ठोकून पाहावी. आवाज जेथे बद्द येतो तेथील बाहेरचे कवच चौकोनी कापून ओला पफ काढून टाकावा. ती जागा छपराखाली तशीच उघडी ठेवून पावसाळ्यानंतर पूर्ण सुकू द्यावी. मग कोरडा पफ बसवून सभोवार सात-आठ सेंटीमीटर कवच घासावे व त्यावर चटईचे दोन थर चढवून सांधा बंद करावा. दुरुस्तीनंतरचे वजन जुन्या आकड्याखाली त्या वर्षासह लिहावे.